आम्ही पायी जात होतो!

माणूस म्हातारा झाला हे ओळखण्याच्या खुणा पुष्कळ सांगतात. केस पिकतात, दात हलतात, चष्मा डोळ्यांवर असताना सापडत नाही, वगैरे. या सगळ्या वरवरच्या खुणा. पक्की खूण एकच. त्याच्या लहानपणची शाळा घरापासून हळूहळू लांब सरकू लागते.

माझंच पाहा. चाळिशीत असताना मी चिरंजीवांना सांगत असे, "आम्ही दोन किलोमीटर पायी शाळेत जात होतो." पन्नाशीत त्याचे तीन किलोमीटर झाले. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात भाषणाच्या ओघात ते पाचावर गेले आणि वाटेत एक ओढा आला. नात झाल्यावर त्या ओढ्याला पूर आला. परवा संध्याकाळी मी दप्तर डोक्यावर घेऊन त्या पुरातून निम्मा पलीकडे पोचलो होतो, नात डोळे विस्फारून ऐकत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, सासूबाई तर सांगायच्या, शाळेची घंटा ऐकून तुम्ही ताटावरून उठायचात! दोन आळ्या पलीकडे मारुतीच्या देवळात होती ना शाळा?"

पूर ओसरला. ओढा आटला. मी आपला कोरड्या पात्रात दप्तर घेऊन उभा.

नात मात्र गप्प बसली नाही. ती चौथीत आहे, म्हणजे वय प्रश्न विचारण्याचं. ती म्हणाली, "पण आबा, दोन आळ्या तरी तुम्ही एकटे जायचात ना? मग मी का नाही?"

वाचकहो, गेलं वर्षभर आमच्या घरात जे काही चाललं आहे, ते या एका प्रश्नाचं उत्तर शोधणं आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत स्वातंत्र्य म्हणजे काय, भय म्हणजे काय, कर्तव्य कोणाचं, असे मोठमोठे प्रश्न असतात. आमच्याकडे ते सकाळी साडेनऊला, वेणी घालताना उपस्थित होतात.

आधी आमच्या गावाविषयी सांगतो. घोडेगाव हे नेवासे तालुक्यातलं, नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, नगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. रस्त्याच्या दोन्ही टोकांची नावं बदलली, मधला रस्ता तसाच आहे. त्याला आम्ही हायवे म्हणतो. तो चौपदरी आहे आणि आमच्या गावाला तो नदीसारखा आहे. फरक इतकाच, की नदी उन्हाळ्यात तरी आटते.

या रस्त्याला बारमाही पूर असतो. शुक्रवारी आमच्याकडे जनावरांचा बाजार भरतो. म्हशींसाठी तो लांबलांबपर्यंत ठाऊक आहे, तेव्हा टेम्पोच्या टेम्पो म्हशी येतात आणि जातात. कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रांग. दिवाळीच्या सुमाराला ऊस सुरू झाला की सोनई-भेंड्याच्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. पुढे कर्ण्यावर गाणं आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, अशी एकूण व्यवस्था असते. आणि या सर्वांवर कळस म्हणजे शनिशिंगणापूरचा फाटा. तो आमच्या गावातच. शनिवारी, त्यातून शनी अमावास्येला, सारा महाराष्ट्र आमच्या गावात येऊन वळतो.

आमचं घर हायवेच्या अलीकडे, शाळा पलीकडे. अंतर मोजलं तर आठशे मीटर.

हे आठशे मीटर अंतर आमची नात तीन वर्षं मोटारसायकलवरून कापत होती. वडील किक मारत, ती मागे बसे, चार मिनिटांत शाळा. बापाच्या मागे बसून मुलाला जगाचं एकच दर्शन घडतं, ते म्हणजे बापाच्या शर्टाची पाठ. एकदा तिला शाळेत "माझा शाळेचा रस्ता" असा निबंध घालून दिला होता. तिने लिहिलं, "माझ्या शाळेच्या रस्त्यावर निळ्या रेघा आहेत. सोमवारी चौकडी असते." बाईंनी समजून पूर्ण गुण दिले.

तर तिने "मी पायी जाणार" असं जाहीर केल्यावर घरात अधिवेशन भरलं. सूनबाई म्हणाल्या, "गाड्या किती असतात!" चिरंजीव म्हणाले, "कुत्री आहेत." सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावून हळू आवाजात "आणि पोरं पळवणारे?" असा तारांकित प्रश्न टाकला. मी ज्येष्ठ सदस्य या नात्याने दोन्ही बाजूंनी बोललो. शेवटी ठराव झाला, की सध्या आहे तेच बरं आहे. बहुतेक अधिवेशनांत हाच ठराव होतो.

आणि तो तसाच राहिला असता, जर मध्ये मी आलो नसतो. अक्षरशः मध्ये आलो नसतो.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात चिरंजीवांना आठवडाभर भल्या पहाटे नगरला जावं लागणार होतं. नातीला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी माझी जुनी स्कूटर काढली. ही स्कूटर चालते कमी आणि बोलते जास्त, त्यामुळे आमचं दोघांचं जमतं. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता, उशीर झाला होता, चष्म्यावर थेंब होते. शाळेच्या फाटकापाशी नेहमीचा देखावा: मोटारसायकली, रिक्षा, एक जीप, सगळ्यांना पोर अगदी फाटकाच्या कडीला टेकवूनच उतरवायचं असतं. मी दोन गाड्यांच्या फटीतून स्कूटर पुढे घातली, आणि पुढच्या चाकासमोर एक मुलगा आला.

आला म्हणजे काय? तो चालत होता. आलो मी होतो.

ब्रेक लागला. चाक त्याच्या दप्तराला घासलं, तो बाजूला पडला आणि त्याची पाण्याची बाटली चाकाखाली गेली. टर्रकन आवाज झाला. तो आवाज प्लास्टिकचा होता हे कळायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी कधी विसरणार नाही.

मुलगा उठला. सात-आठ वर्षांचा असेल. गुडघ्यावर चिखल होता, रक्त नव्हतं. त्याने चपटी झालेली बाटली उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "लागलं नाही आजोबा. माझंच चुकलं. घरी सांगू नका."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. साहेबांची खाल्ली, सौभाग्यवतींची अजून खातो. पण त्या पोराच्या त्या तीन लहान वाक्यांनी मला जेवढं खाली बसवलं तेवढं कोणी बसवलं नव्हतं. चूक माझी, घाई माझी, चष्मा माझा. आणि माफी तो मागत होता. सात वर्षांच्या वयात त्याला आपण सर्वांनी मिळून एक धडा चोख शिकवला होता: रस्त्यावर जो पायी असतो, चूक त्याची असते.

दुपारी मला जेवण गेलं नाही. मी विचार करत बसलो. सेवानिवृत्त माणसाला विचार करायला वेळ असतो, फक्त विषय नसतो. त्या दिवशी विषयही मिळाला.

मी स्कूटर का काढली होती? नातीला रस्त्यावरच्या गाड्यांपासून वाचवायला. म्हणजे गाड्यांचं भय वाटलं म्हणून मी आणखी एक गाडी रस्त्यावर आणली. माझ्या शेजाऱ्याने तेच केलं. त्याच्या शेजाऱ्याने तेच. माझी गाडी पाहून शेजारच्या आईला भीती वाटली, तिने नवऱ्याला पिटाळलं. अशा रीतीने एकमेकांच्या गाड्यांना भिऊन सगळ्यांनी गाड्या काढल्या, आणि त्या सगळ्या सकाळी सव्वादहाला एकाच फाटकापाशी एकमेकांची भीती खरी करून दाखवायला जमल्या. यात वाईट माणूस कुठेच नाही. सगळे प्रेमळ बाप, सगळे काळजीवाहू आजोबा. ज्याच्या घरी गाडी नाही, ते एक पोर तेवढं पायी, आणि आमचं सगळ्यांचं वात्सल्य त्याच्या अंगावर चाल करून जात होतं.

माझ्या नातवंडाची सुरक्षितता मी दुसऱ्याच्या नातवंडाच्या जिवावर विकत घेत होतो. हिशेबाच्या वहीत हे कुठे लिहावं लागत नाही, म्हणून आपण त्याला प्रेम म्हणतो.

आता कोणी म्हणेल, अहो, मुलांना सांभाळून चालायला शिकवा म्हणजे झालं. शिकवायला हवंच. पण गंमत पाहा. "सांभाळून जा रे" हे वाक्य आपण घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला सांगतो. ज्याच्या हाताखाली दहा टनांचा ट्रक आहे त्याला त्याच्या घरचे सांगत असतील तर "लवकर या" असं सांगतात. लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. नजर आणि अंदाज वयानेच पिकतात. जे मुलाला निसर्गाने अजून दिलेलं नाही, ते त्याच्याकडून मागायचं आणि दिलं नाही म्हणून चूक त्याची धरायची, हा कुठला न्याय? जगात पाच ते एकोणतीस या वयात जे मरण पावतात त्यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचे अपघात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोग नव्हे, रस्ता. एवढी मुलं काही एकट्याच्या धांदरटपणाने जात नसतील.

माझं म्हणणं पटत नसेल तर शुक्रवारी आमच्या गावी या. बाजारातून सुटलेली एखादी म्हैस हायवे ओलांडते. ती उजवीकडे पाहत नाही, डावीकडे पाहत नाही, खरं म्हणजे ती कुठेच पाहत नाही. तिला रस्ता सुरक्षा सप्ताह ठाऊक नाही. तरी दोन्हीकडचे ट्रक करकचून थांबतात. ड्रायव्हर हॉर्नसुद्धा बेताने वाजवतो, न जाणो बाईसाहेब बिथरल्या तर! कारण म्हशीला धडकलं तर बंपर जातो आणि म्हशीची किंमत ऐकून उरलेला माणूसही जातो. त्याच ठिकाणी दहा मिनिटांनी चार पोरं दप्तरं घेऊन उभी राहतात, आणि तोच ट्रक वेग वाढवून निघून जातो. पोरं थांबतील याची त्याला खात्री असते. म्हशीचा अडाणीपणा तिला वाचवतो आणि पोरांचा शहाणपणा ड्रायव्हरच्या सोयीचा ठरतो. तेव्हा गाड्या थांबवता येत नाहीत, हे खोटं आहे. कोणासाठी थांबवायच्या, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याने आपल्या परीने विचार केलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरलं. म्हणजे मूल पायी येणार हे सरकारनेच धरलं आहे. त्याच्या केंद्रीय नियमांत, वाटेत लहान मुलांना धोका असेल तर तो टळेल अशा जागी शाळा ठेवावी, असंही म्हटलं आहे. परंतु पुष्कळ गावांत शाळा आधी आली आणि रुंद रस्ता मागाहून. शाळा उचलून ठेवता येत नाही, आणि रस्ता ऐकत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फूटपाथवरून चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात येतो. वाचून मला आनंद झाला. हक्क मिळाला, आता फूटपाथ मिळाला की उद्याच चालायला निघतो.

राहिला सौभाग्यवतींचा तारांकित प्रश्न. पोरं पळवणारे. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पोर हरवल्याच्या नुसत्या कल्पनेने आईच्या पोटात काय होतं ते आईलाच ठाऊक. पण ही भीतीसुद्धा माणसं मारते, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवड्याच्या बाजारी, भटक्या समाजातली पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मोबाइलवर अफवा फिरत होती, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. ती माणसं भिक्षा मागून पोट भरणारी होती. कोणाचंही मूल पळवलं गेलं नव्हतं. गेले ते कोणाचे बाप, कोणाचे मुलगे. पोरांच्या काळजीपोटीच ते घडलं, असं मारणारेही म्हणाले असतील.

आणि आम्ही तर शिंगणापूरच्या शेजारचे! जिथे घरांना दारं-कुलपं लावायची नाहीत अशी रीत आहे, जिथे बँकेने २०११ साली बिनकुलपाची शाखा उघडली, ते गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिजोरीवर एवढा विश्वास टाकणाऱ्या मुलखात आठशे मीटर चालणाऱ्या पोरीवर लक्ष ठेवायला चार माणसं सापडू नयेत? मुद्दा कुलपाचा नाही. कुलूप नसेल तर शेजाऱ्याचा डोळा लागतो. वाटेवर किराणावाला आहे, शिंपी आहे, चहाची गाडी आहे, पिठाची गिरणी आहे. तीन वर्षं मोटारसायकलवरून भुर्रकन जाणाऱ्या माझ्या नातीला यांपैकी एकजणही नावाने ओळखत नव्हता. आम्ही तिला लोकांपासून इतकी जपली होती, की वेळ आली असती तर हाक मारायला तिला ओळखीचं माणूसच उरलं नव्हतं.

आपल्याकडे पायी चालणारी मुलं काही आजची नाहीत. आईबापांचं छत्र हरपलेली चार भावंडं आळंदीहून पैठणला पायी गेली, असं परंपरा सांगते. त्यांच्यातलं एक आमच्या नेवाशाला येऊन खांबाला टेकून बसलं आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून मोकळं झालं. तेव्हा हायवे नव्हता हे खरं. पण वाटेवरच्या मोठ्या माणसांनी त्या मुलांना जे दिलं, ते ट्रकपेक्षा फारसं मऊ नव्हतं. आणि १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला पायी निघालेल्या सावित्रीबाई फुले. लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर ठेवत, ही हकिकत आपण सगळे जाणतो. ज्योतिरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती आमच्या नगरात मिस फॅरारबाईंनी चालवलेली शाळा पाहून. सावित्रीबाईंनी दुसऱ्या दिवशी बंद पडद्याच्या गाडीतून जायचं ठरवलं असतं तर लुगडं वाचलं असतं, पण रस्ता शेण फेकणाऱ्यांचाच राहिला असता. रस्ता कोणाचा, हे त्यावरून कोण चालतं यावर ठरतं.

एवढा विचार झाल्यावर मी उठलो, एक नवी बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी उभा राहिलो. तो मुलगा आला. मी म्हटलं, "बाळ, काल चूक तुझी नव्हती. माझी होती." त्याने संशयाने माझ्याकडे पाहिलं. मोठं माणूस असं बोलताना त्याने ऐकलं नसावं. मग बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "नवी आहे!" त्याची आई बाजारात भाजी विकते, आणि तो वस्तीवरून रोज एकटा येतो, हे मागाहून कळलं. वाटेवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक कुत्रं आणि प्रत्येक वळण त्याला पाठ होतं. एवढा जाणकार माणूस गावात असताना आम्ही चार शिकलेले घरात बसून अधिवेशनं भरवत होतो!

जपानात मुलं गटागटाने, मोठं मूल पुढे आणि लहानं मागे, अशी पायी शाळेत जातात. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट या गृहस्थांनी "चालती बस" अशी कल्पना मांडली: एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मध्ये मुलांची रांग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. इंग्लंडात १९९८ साली सेंट अल्बन्स गावी अशी बस निघाली. हे चिरंजीवांनी मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात काय एवढं? ही तर दिंडी!"

आणि खरंच की! पुढे पताकावाले, मागे विणेकरी, ठरलेला मुक्काम, कोणी मागे राहिलं तर चोपदार थांबवणार. आपल्याकडे लाखो माणसं दरवर्षी पंढरपूरपर्यंत चालतात आणि आपण आठशे मीटरसाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहतो.

तेव्हा आमच्या आळीत शाळेची दिंडी निघाली. पहिल्या दिवशी तीन मुलं, आता अकरा. पुढे तो बाटलीवाला मुलगा चालतो. पुढे चालतो म्हणून पोरांनी त्याचं नाव "पुढारी" ठेवलं आहे. गावातला रोज पायी चालणारा हा एकमेव पुढारी असावा. मागे मी, हातात लाल फडकं बांधलेली काठी. दिंडीचे नियम थोडे आहेत. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते; आम्हाला लहानपणी "डाव्या बाजूने चाला" हे घोकायला लावलं होतं, ते मोडताना पहिले चार दिवस मलाच गुन्हा केल्यासारखं वाटलं. उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यात यायचं नाही. हायवे मोठ्या माणसाशिवाय ओलांडायचा नाही, आणि दुभाजकापाशी पुन्हा थांबायचं, कारण तो एक रस्ता नसून दोन आहेत. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण. पहिल्या आठवड्यात तो एकाने मोडला. तो कोण होता हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ट्रॉली उभी होती आणि दात हलत असल्यामुळे त्याला तो ऊस खाता आला नाही.

मोठ्यांसाठी नियम दोनच. एक, गाडीवर पोराला आणायचंच असेल तर फाटकापासून शंभर पावलं अलीकडे उतरवा. दोन, पायी चालणारं पोर दिसलं की समजा म्हैस आहे.

दिंडी काढली म्हणजे सगळं झालं, असं मात्र नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनीला कार्तिकीला निघालेल्या खऱ्याखुऱ्या दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. ते रांगेत होते, एकत्र होते, मुखी नाम होतं. वेगाला नाम ऐकू येत नाही. गाडीचा वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर ती थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. हे गणित भाविकाला माफ नाही आणि आजोबालाही नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे, की सावधगिरी मुलाला शिकवावी, पण जबाबदारी त्याच्या दप्तरात भरू नये. ते आधीच जड असतं.

वेगावरून आठवलं. परवा शनी अमावास्येला दिंडी फाट्यावर अडकली होती. गाड्यांवर गाड्या शिंगणापूरकडे वळत होत्या. एका मोटारीने आमच्या पुढ्यातच जोरात वळण घेतलं आणि ती पुढच्या गर्दीत अडकली. मी काठी घेऊन काचेशी गेलो आणि विचारलं, "साहेब, शनैश्चर म्हणजे काय, माहीत आहे?" तो म्हणाला, "देव." मी म्हटलं, "शनैः म्हणजे हळू, चर म्हणजे चालणारा. हळू चालणारा देव. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्याच्या दर्शनाला एवढ्या घाईने गेलात तर तो म्हणेल, हा कोण परका आला?" गृहस्थाने काच खाली घेतली, मुलांकडे पाहिलं, गाडी मागे घेतली आणि हात करून म्हणाला, "जाऊ द्या पोरांना." अकरा मुलं गेली. माझ्या पायांत हरणाचं बळ आलं.

पलीकडे पोचल्यावर नातीने माझा हात सोडला. म्हणाली, "आबा, तुम्ही रोज हायवे ओलांडून द्या. पण इथूनच परत फिरा. पुढची गल्ली आम्हाला येते."

मी म्हटलं, "अगं पण..."

"गिरणीवाले काका बघतात," ती म्हणाली. "शिंपीकाकूपण. आणि पुढारी आहे."

मी दुभाजकाच्या पलीकडे काठी टेकून उभा राहिलो. शंभर-सव्वाशे मीटरची गल्ली. ती मागे वळून पाहील म्हणून मी हात वर करून ठेवला होता. तिने पाहिलं नाही. ती पुढाऱ्याला काहीतरी सांगत होती, बहुधा माझ्या ओढ्याच्या पुराविषयी. थोड्या वेळाने हात दुखायला लागला तेव्हा मी खाली घेतला. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की राखण्याचा सारा खटाटोप ज्यासाठी केला, ते हेच. पोराने मागे वळून पाहू नये इतकं त्याला निर्धास्त करायचं, आणि रस्ता त्या निर्धास्तपणाला लायक ठेवायचा. पहिलं काम घरातलं आहे, दुसरं सगळ्या गावाचं. आपण आजवर पहिल्यातच अडकलो होतो.

घरी आलो. सौभाग्यवतींनी चहा दिला आणि विचारलं, "आज लवकर आलात? कुठवर गेला होता?"

"आठशे मीटर," मी म्हटलं.

"एवढेच?"

"आज एवढेच," मी म्हटलं. "पण नात आजी होईपर्यंत थांब. ती सांगेल तेव्हा दहा किलोमीटर होतील. आणि वाटेत म्हशींचा पूर."